नावापुरते स्मरण

नोव्हेंबर हा आपल्या धर्मग्रामांत मृतांच्या नावांचा महिना. पाकिटे वाटली जातात, घरोघरी जुन्या वह्या उघडल्या जातात, पणजोबांचे नाव नेमके काय होते यावरून थोडा वाद होतो आणि मग ती नावे वेदीपाशी जाऊन पोहोचतात. त्यांतील कोण कसा होता, हे तेथे कोणी विचारीत नाही. दारूपायी घर बुडविणारा काका आणि पोटाला चिमटा घेऊन भावंडांना शिकविणारी आत्या एकाच कागदावर, एकाच शाईत नांदतात. त्यात कोणाला विसंगती वाटत नाही, कारण ती यादी गुणवंतांची नसतेच. ज्यांच्यासाठी दयेची याचना करावयाची, त्यांची ती यादी असते.

याच महिन्यात इंग्लंडमधील धर्मग्रामांतही नावे वाचली जातात. ती पाकिटांतून येत नाहीत. चर्चच्या भिंतीवर, पितळी पत्र्यावर किंवा आवारातील दगडी क्रुसाखाली ती शंभर वर्षांपासून कोरलेली आहेत. १९१८ साली ११ नोव्हेंबरच्या सकाळी ११ वाजता पश्चिम आघाडीवरील तोफा थांबल्या, म्हणून हा काळ निवडलेला. (तो दिवस संत मार्टिनचा. रोमन सैन्याचा त्याग करून बाहेर पडलेल्या संताच्या सणाला महायुद्ध थांबावे, हा योगायोग आम्हांला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे.) पहिल्या महायुद्धातील ही नावे वाचणाऱ्यांपैकी कोणीही आज त्या माणसांना पाहिलेले नाही. म्हणूनच की काय, गेल्या काही दशकांत तेथे एक नवा उद्योग फोफावला आहे. धर्मग्रामातील कोणी निवृत्त शिक्षक, कोणी ग्रंथपाल, कोणी गृहिणी भिंतीवरील नावे उतरवून घेतात आणि ही माणसे कोण होती, याचा शोध करू लागतात. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने १९८९ साली युद्धस्मारकांची नोंद करावयास घेतली. ब्रिटनमधील ९०,०००हून अधिक स्मारके आज त्या नोंदीत आहेत. त्यांतील कितीतरी चर्चच्या भिंतींवर आहेत आणि त्यांच्यामागे असे हौशी शोधक उभे आहेत.

हा उद्योग वरकरणी निरुपद्रवी, किंबहुना पुण्यप्रद दिसतो. ज्याचे केवळ नाव उरले त्याला चेहरा द्यावयाचा, यात वावगे ते काय? तथापि या कामात थोडे खोल गेले की एक अवघड प्रश्न उभा राहतो. भिंतीने ज्याला वीर म्हटले, तो कागदपत्रांत वीर निघाला नाही तर? मृताच्या बाबतीत आपण सत्याचे ऋणी आहोत की मौनाचे?

प्रथम ती नावे भिंतीवर आली कशी, हे पाहिले पाहिजे. सामान्य सैनिकाचे नाव कोरण्याची रीत फार जुनी नव्हे. मुंबईकरांना कुलाब्याचे अफगाण चर्च ठाऊक आहे. पहिल्या अफगाण युद्धातील व सिंधच्या मोहिमेतील मृतांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले व १८५८ साली त्याचे अभिषेचन झाले. त्याच्या अंतर्भागात अधिकाऱ्यांची नावे आहेत. शिपायांविषयी मात्र तेथील लेख एवढेच सांगतो की, ते संख्येने इतके होते की त्यांची नोंद करणे शक्य नाही. त्या काळच्या दृष्टीने हे प्रामाणिक विधान होते. भिंत अपुरी होती, असे म्हटले गेले. वस्तुतः अपुरी होती ती कल्पना. शिपाई हा मोजावयाचा असतो, त्याला नाव घेऊन हाक मारावयाची नसते, अशी ती समजूत होती.

पहिल्या महायुद्धाने ही समजूत मोडली, निदान काही लोकांपुरती. वयामुळे सैन्यात न घेतले गेलेले फेबियन वेअर हे गृहस्थ १९१४ साली रेड क्रॉसच्या एका मोटार-पथकाचे प्रमुख म्हणून फ्रान्समध्ये गेले आणि विखुरलेल्या थडग्यांची नोंद ठेवू लागले. त्यातून १९१७ साली साम्राज्य युद्ध-समाधी आयोग स्थापन झाला. हुद्दा, वंश व धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृताचे स्मरण समान व्हावे, हे त्याने तत्त्व म्हणून स्वीकारले. सरदारपुत्राचा आणि गवंड्याच्या मुलाचा शिलास्तंभ एकाच मापाचा. याच समतेपोटी आणखी एक कठोर निर्णय घेतला गेला. कोणाचाही देह मायदेशी आणावयाचा नाही. श्रीमंताने आणावा आणि गरिबाने दूरच्या चिखलाकडे डोळे लावून बसावे, हे होऊ द्यावयाचे नाही. अनेक मातांनी याविरुद्ध अर्ज केले, संसदेत १९२० साली वाद झाला, परंतु निर्णय टिकला.

परिणामी इंग्लंडच्या गावागावांत शोक होता आणि थडगे नव्हते. धर्मग्रामातील स्मारक हे त्या थडग्याच्या जागी आले. ते सरकारने उभारले नाही. गावाने वर्गणी काढून उभारले. धर्मगुरू, जमीनदार, शाळामास्तर, एखादी विधवा अशांची समिती बसे. चर्चच्या दारावर यादी लावली जाई आणि कोणाचे नाव राहिले असल्यास कळवावे, अशी विनंती केली जाई. नाव कोणाचे घ्यावयाचे, याला देशभर एक नियम नव्हता. येथे जन्मला पण लग्नानंतर दुसरीकडे राहिला, त्याचे नाव घ्यावे का? युद्धात जखमी होऊन दोन वर्षांनी घरी वारला, त्याचे? छावणीत तापाने गेला, आघाडी पाहिलीच नाही, त्याचे? प्रत्येक गावाने आपापल्या परीने उत्तर दिले. त्यामुळे एकच माणूस आईबापांच्या गावी, बायकोच्या गावी आणि कामाच्या ठिकाणी असा तीनदा कोरलेला सापडतो, आणि दुसरा कोठेच सापडत नाही. काही घरांनी नाव देण्यास साफ नकार दिला. मुलगा ‘बेपत्ता’ होता, मृत नव्हता. दगडात नाव कोरू देणे म्हणजे दाराची कडी आतून लावून घेणे, आणि रात्री-अपरात्री तो आलाच तर?

आज शंभर वर्षांनी एखादा शोधक अशा राहिलेल्या मुलाला शोधून काढतो आणि त्याचे नाव स्मारकावर घालावे म्हणून आग्रह धरतो. त्याचा हेतू शुद्ध असतो. पण त्या आईचा नकार हेही एक स्मारकच होते, हे तो विसरतो, असे आम्हांला वाटते. रिकामी जागा भरून काढणे म्हणजे न्याय करणे, असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही.

शोध घ्यावयाचा तो कशातून? येथे इतिहासाने एक क्रूर थट्टा केली आहे. त्या युद्धातील ब्रिटिश शिपायांची सेवापुस्तके लंडनमध्ये एका कोठारात ठेवलेली होती. १९४० सालच्या सप्टेंबरात जर्मन बॉम्बफेकीत ते कोठार पेटले आणि सुमारे ६० टक्के कागद नष्ट झाले. जे वाचले त्यांना अभ्यासक ‘जळके कागद’ म्हणूनच ओळखतात. कडा करपलेल्या, मधूनच अक्षर गेलेले, पाण्याने शाई पसरलेली. एका युद्धातील मृतांचे चरित्र दुसऱ्या युद्धाने जाळले. उरतात त्या पदकांच्या नोंदपत्रिका, पलटणींच्या रोजनिश्या, जनगणनेची पाने, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या, आणि एक मोठी हृदयद्रावक नोंदवही. मृत शिपायाचे किती पैसे शिल्लक होते व ते कोणाला दिले, हे त्यात लिहिलेले असते. कोठे आईला काही पौंड, कोठे ती रक्कम भावंडांत वाटलेली, कोठे जिच्याशी लग्न झाले नव्हते अशा एका स्त्रीचे नाव. स्मारकावर ज्याच्या नावापुढे एक हुद्दा आणि एक पलटण एवढेच आहे, त्याचा सारा संसार या एका ओळीत दिसू लागतो.

आणि येथेच तो प्रश्न दारात येऊन उभा राहतो. वाचलेल्या कागदांत शिपायाची उंची, छातीचे माप, डोळ्यांचा रंग असतो. तसाच त्याला झालेला दंडही असतो. नशेत सापडला, रजेवरून उशिरा परतला, वरिष्ठाला उलट बोलला. रुग्णालयाच्या नोंदीत कधी वेश्यागमनातून येणाऱ्या रोगाचे नाव असते. वय अठरा लिहिलेले असते आणि बाप्तिस्म्याची वही सोळा सांगते. ‘रणात पडला’ असे ज्याच्याविषयी घरी सांगितले गेले, तो स्वतःच्या पलटणीच्या गोळ्यांनी मेलेला असतो.

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ख्रिस्ती नीतिशास्त्र याहून थोडे अधिक काटेकोर बोलते. खोटा दोष लावणे हे पाप तर आहेच; पण खरा दोषसुद्धा, रास्त कारण नसताना, ज्याला तो ठाऊक नाही त्याच्यापाशी उघड करणे हेही पाप होय, असे १९९२ सालचा कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथ सांगतो. दोष खरा आहे, एवढे समर्थन पुरेसे नाही. ही कसोटी शोधकाने खिशात बाळगावी अशी आहे. रुग्णालयाच्या त्या नोंदीतील रोगाचे नाव चर्चमधील प्रदर्शनाच्या फलकावर लावण्याने कोणाचे भले होते? आमच्या मते कोणाचेच नाही. तो फलक वाचणाऱ्यांच्या कुतूहलाला खाद्य मिळते, आणि मृताला उत्तर देता येत नाही. जिवंत माणसाच्या बाबतीत आपण जे करणार नाही ते तो मेला म्हणून करावे, हा शौर्याचा भाग नव्हे. असा कागद वाचावा आणि मिटून ठेवावा.

परंतु रास्त कारण असते तेव्हा काय? एक उदाहरण पाहू. हॅरी फार हा वेस्ट यॉर्कशायर पलटणीचा शिपाई. १९१५ साली तोफांच्या माऱ्याने त्याचे मन खचले व पाच महिने तो रुग्णालयात होता. हात इतके कापत की त्याची पत्रे परिचारिकेला लिहावी लागत. त्याला पुन्हा आघाडीवर धाडण्यात आले. १९१६ सालच्या सप्टेंबरात, सोमच्या लढाईत, त्याने पुढे जाण्यास नकार दिला. आपल्याला ते सहन होत नाही, एवढेच तो सांगत राहिला. ऑक्टोबरात लष्करी न्यायालयापुढे तो उभा राहिला तेव्हा त्याची बाजू मांडणारा कोणी नव्हता. भित्रेपणाचा आरोप शाबीत झाला आणि १८ ऑक्टोबरला पहाटे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय पंचवीस. डोळ्यांवर पट्टी बांधून घेण्यास त्याने नकार दिला, असे सांगतात. भित्र्या माणसाचे हे शेवटचे कृत्य. घरी तरुण पत्नी आणि लहान मुलगी होती. पत्नीचे निवृत्तिवेतन थांबले. लाजेने तिने ही गोष्ट कित्येक दशके मनातच ठेवली. पुढे त्या मुलीने, स्वतः वृद्ध झाल्यावर, पित्यासाठी लढा दिला.

फार एकटा नव्हता. त्या युद्धात ब्रिटिश लष्करी न्यायालयांनी ३,०००हून अधिक मृत्युदंड सुनावले. बहुतेक रद्द होऊन ३४६ अमलात आले. त्यांतील पलायन, भित्रेपणा यांसारख्या लष्करी गुन्ह्यांसाठी मारल्या गेलेल्या ३०६ जणांना २००६ सालच्या एका कायद्याने क्षमा दिली. त्या कायद्याची भाषा सावध आहे. या क्षमेने मूळ शिक्षा वा निर्णय बदलत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. क्षमा केली, पण चुकले असे म्हटले नाही. ज्याने गोळी झाडली त्याने गोळी लागलेल्याला क्षमा करावी, हा प्रकार आम्हांला विचित्र वाटतो. पण त्या मुलीला तो पुरेसा वाटला असेल, तर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. युद्ध-समाधी आयोगाने या माणसांना वेगळे काढले नाही. ज्याचे थडगे सापडले त्याला इतरांसारखाच शिलास्तंभ मिळाला. फारचे थडगे सापडले नाही, म्हणून थियेपव्हालच्या प्रचंड स्मारकावर ७२,०००हून अधिक नावांत त्याचेही नाव कोरले गेले. गावाकडील भिंतींवर मात्र अशी पुष्कळ नावे आली नाहीत. राज्याने मारले आणि राज्याने नाव लिहिले. शेजाऱ्यांनी ते वगळले. बाप्तिस्म्याचे पाणी ज्या चर्चमध्ये डोक्यावर पडले, त्याच चर्चच्या भिंतीवर जागा नाही. लष्कराला शिस्तीचे कारण होते. धर्मग्रामाला कोणते होते? प्रतिष्ठेचे. ज्या दगडावर आमच्या मुलाचे नाव आहे, त्यावर ‘तसल्या’चे नको, एवढेच. फाशी झालेल्या एका माणसाच्या प्रतिमेखाली बसून त्या समित्यांनी हा निर्णय घेतला, याचे आम्हांला राहून राहून आश्चर्य वाटते.

सर्वच गावे अशी वागली नाहीत. लिंकनशरमधील फुलस्टो या खेड्यातील चार्ल्स कर्मन या शिपायाला १९१७ साली पलायनासाठी गोळ्या घालण्यात आल्या. युद्धानंतर स्मारकाची बोलणी सुरू झाली तेव्हा त्याचे नाव घेता येणार नाही, असे ठरू लागले. तेव्हा इतर मृतांच्या घरच्यांनी सांगितले, त्याचे नाव नाही तर आमच्याही मुलांची नकोत. आणि ते गाव पाऊणशे वर्षांहून अधिक काळ स्मारकाविना राहिले. २००५ साली तेथे फलक बसला, तो कर्मनच्या नावासह. स्वतःच्या मुलाचे नाव हातचे सोडून दुसऱ्याच्या मुलाची बाजू घेणारी ती माणसे शेतकरी-मजूर होती. शोकाचा एवढा त्याग करणे ही साधी गोष्ट नव्हे. आणि ज्याचे नाव त्या समितीला चालत नव्हते तो कसा मेला, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. म्हणजे सत्य लपवून नव्हे, तर सत्य जाणून त्यांनी त्याला आपल्यात धरले.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला या दिशेने दिसते, आणि त्याला शास्त्राधारही आहे. मृतांसाठी प्रार्थना का करावी, याचा आधार म्हणून आपण मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायाकडे बोट दाखवितो. तो प्रसंग नेमका कसला आहे, हे मात्र सहसा आठवीत नाही. तो युद्धात पडलेल्या सैनिकांचा प्रसंग आहे. शब्बाथ उलटल्यावर यहूदाची माणसे आपल्या मृतांना गोळा करून त्यांच्या पूर्वजांशेजारी पुरावयास जातात. देह उचलताना प्रत्येकाच्या अंगरख्याखाली यामनियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात. देवासाठी लढणारे हे वीर गळ्यात परदैवतांचे ताईत बांधून लढत होते! शोध पूर्ण झाला आणि सत्य लाजिरवाणे निघाले. आता यहूदापुढे दोन सोपे मार्ग होते. ताईत गुपचूप पुरून टाकावे आणि वीर म्हणून मिरवणूक काढावी. अथवा देहच उघड्यावर टाकून निघून जावे. तो दोन्ही करीत नाही. ताईत सर्वांसमक्ष दिसले आहेत, कोणी ते नाकारीत नाही. आणि तो जिवंत सैनिकांकडून चांदीच्या २,००० द्राख्मा गोळा करून पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवितो.

मृतांसाठी प्रार्थनेचा आपला एवढा मोठा आधार निष्कलंक माणसांवरून निघालेला नाही, याचा आपण पुरेसा विचार केलेला नाही. निष्कलंकासाठी वर्गणी काढावी लागत नसते. दगडावर वीर म्हणून कोरलेल्या नावासाठी प्रार्थना करणे मुळी शक्यच नाही. त्याचे फक्त गुणगान करता येते. ज्याला आपण ओळखतो, ज्याचे ताईत आपण पाहिले आहेत, त्याच्यासाठीच काही मागता येते. म्हणून जळके कागद उलगडणाऱ्या त्या निवृत्त शिक्षकाचे काम आम्हांला इतिहासाइतकेच भक्तीचेही वाटते; मात्र तो ताईत पाहून पुढे काय करतो, यावर ते अवलंबून आहे.

शिवाय शोधाचा एक अनपेक्षित गुण असा की, शोधलेला दोष पुष्कळदा भलत्याच्याच पदरात जाऊन पडतो. हर्बर्ट बर्डन या मुलाने वय चोरून सैन्यात नाव घातले आणि १९१५ साली पलायनासाठी त्याला गोळ्या घातल्या तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. स्टॅफर्डशरमध्ये २००१ साली उभारलेल्या स्मारकात डोळे बांधलेल्या तरुणाचा पुतळा त्याच्यावरून घडविला आहे. मागे खांब आहेत आणि त्यांवर नावे. आता हा पळाला, हे सत्य. पण ते सत्य पूर्ण सांगावयाचे तर हेही सांगावे लागते की, ज्याला पलटणीत राहण्याचे कायद्याने वयच नव्हते, त्याला पलटण सोडल्याबद्दल मारले. दोष लपविला असता तर हा खरा दोषी कधीच पुढे आला नसता. रास्त कारण म्हणतात ते हे.

आणि वीरांच्या घरीही ताईत असतातच. रडयार्ड किपलिंग हा कवी १८६५ साली आपल्या मुंबईत जन्मला. युद्धाच्या बाजूने त्याने हिरिरीने लिहिले. अधू दृष्टीमुळे त्याच्या मुलाला, जॉनला, सैन्यात घेत नव्हते. बापाने वजन वापरून त्याला आयरिश गार्ड्समध्ये अधिकारपद मिळवून दिले. १९१५ सालच्या सप्टेंबरात, अठरा वर्षे पूर्ण होऊन सहा आठवडे होतात न होतात तोच, लूसच्या लढाईत तो नाहीसा झाला. बापाने अनेक वर्षे शोध केला. १९३६ साली मरेपर्यंत त्याला थडगे सापडले नाही. १९९२ साली आयोगाने एका अनामिक थडग्याला जॉनचे नाव दिले, त्यावरही पुढे अभ्यासकांत वाद झाला. बर्वॉश गावच्या चर्चमध्ये जॉनचा स्मृतिफलक आहे.

हाच किपलिंग आयोगाचा सदस्य होता, आणि मोठ्या दफनभूमींतील स्मरणशिलेवर काय कोरावे हे त्यानेच सुचविले. त्यांचे नाव चिरंतन राहील, अशा अर्थाचे ते वचन त्याने बेन सिराच्या ग्रंथाच्या ४४व्या अध्यायातून घेतले. हा ग्रंथ आपल्या बायबलात आहे, प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलाच्या मुख्य भागात नाही. तरी त्यांच्या राष्ट्राने आपल्या मृतांसाठी शब्द निवडले ते त्यातले. त्याच अध्यायात, त्या वचनाच्या थोडे अगोदर, ज्यांची आठवणच उरली नाही, जे जणू जन्मलेच नव्हते असे नाहीसे झाले, अशांचाही उल्लेख आहे. ते वचन कोणत्याही शिलेवर घेतले गेले नाही.

कोरणाऱ्यांचे औदार्य कोठपर्यंत जाऊ शकते, याचा एक नमुना ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजच्या चॅपलमध्ये आहे. तेथे शिकून मायदेशी परतलेले आणि जर्मनीच्या बाजूने लढून मेलेले तीन विद्यार्थी १९३० साली एका वेगळ्या फलकावर कोरण्यात आले. शत्रूचे नाव वेदीच्या छताखाली आले. आणि ते औदार्य कोठे संपते, याचा नमुना बसऱ्याला आहे.

बसऱ्याचे स्मारक १९२९ साली उभे राहिले. मेसोपोटेमियात मेलेल्या व ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा ४०,०००हून अधिक जणांचे ते आहे. (१९९७ साली इराकी राजवटीने ते मूळ जागेवरून हलवून वाळवंटात नेले.) त्या मोहिमेशी आपला संबंध दूरचा नाही. कूत येथे वेढल्या गेलेल्या आणि १९१६ सालच्या २९ एप्रिलला शरण गेलेल्या सैन्याचे नावच सहावी (पूना) डिव्हिजन असे होते. १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी तीत होत्या. कोकणातील व घाटावरील किती मुले त्या वेढ्यात आणि नंतरच्या कैदेत संपली! स्मारकावर ब्रिटिश शिपायाचे नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचे नाव आहे. हिंदी शिपायाच्या ठिकाणी पलटणीचे नाव आणि पुढे आकडा आहे. फ्रान्समधील न्यव्ह शापेल येथील हिंदी स्मारकावर मात्र, १९२७ साली, ४,७००हून अधिक जणांची नावे कोरली गेली. आयोग एकच, तत्त्व एकच. युरोपात शिपायाला नाव, बसऱ्यात आकडा. आयोगाने २०२१ साली स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध करून मान्य केले की, आफ्रिका व आशियातील किमान १,१६,००० मृतांचे नावानिशी स्मरण झाले नाही अथवा मुळीच झाले नाही, आणि त्यामागे वंशभेदाचे पूर्वग्रह होते. अफगाण चर्चची ती अपुरी भिंत वाळवंटातही अपुरीच पडली होती.

सातारा-रत्नागिरीकडील काही गावांत आजही संगमरवरी पाट्या दिसतात. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके परत आले नाहीत, एवढाच मजकूर. गावातल्या गावात, जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता, तेथेही आकडाच. इंग्लंडच्या धर्मग्रामात समितीने चर्चच्या दारावर यादी लावून विचारले. येथे कोणाचे नाव राहिले का, असे कोणी विचारले नाही. ज्यांची ताईत बांधलेली पापे शोधावयाची, त्यांची आधी नावेच शोधावी लागतील. दया दाखविण्याची पाळी त्यानंतरची.

काम अशक्य नाही. आयोगाच्या कागदांत भारतीय शिपायांच्या अनेक नोंदींत पित्याचे नाव, गाव आणि जिल्हा लिहिलेला आहे. लिहिणारा इंग्रजी कारकून. त्याने ऐकले तसे रोमन लिपीत उतरविले. त्यामुळे वाडी, खुर्द, बुद्रुक यांचा चुराडा झालेला, आडनावाच्या जागी बापाचे नाव, तालुक्याच्या जागी भलतेच काही. लंडनमधील अत्यंत कसलेल्या शोधकाला त्यातून वाट निघत नाही. संगमेश्वर किंवा खटाव तालुक्यातील एखाद्या निवृत्त पोस्टमनला मात्र ती अक्षरे मोठ्याने वाचून पाहिली, तर गाव बहुधा ओळखू येईल, आणि कदाचित घरही.